एमजीबीचं ब्रेक पेडल वळणानंतर खाली जातं? ब्लीड करण्याआधी हब तपासा

लक्षण आधी नीट सांगतो, कारण ते ओळखण्यातच माझे दोन सीझन गेले.

इंग्लंडच्या लेस्टरशरमध्ये मॅलरी पार्क नावाचं १.३५ मैलांचं छोटं सर्किट आहे. तिथे जेरार्ड्स हे उजवीकडे वळत जाणारं भलंमोठं वळण आहे. त्यात डावं पुढचं चाक सगळा भार घेऊन कितीतरी वेळ दाबलेलं राहतं. मग सरळ पट्टा, मग एसेसची डावी-उजवी, आणि त्यानंतर हेअरपिन. हेअरपिन इतकी आवळ आहे की तिथे गाडी जवळजवळ थांबवावीच लागते. तिथे मी ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल नेहमीच्या जागेच्या कितीतरी खाली गेलं. पोटात गोळा आला. पाय उचलून पुन्हा दाबला, तर पेडल वर, दगडासारखं घट्ट. गाडी वळली. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. बॉक्समध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबवायच्या जागेत, येऊन उभ्या गाडीत पेडल दाबून पाहिलं तर काहीच झालं नसल्यासारखं. घरी येताना रस्त्यावर शंभर वेळा ब्रेक मारले, एकदाही तक्रार नाही.

गाडी १९७१ ची एमजीबी रोडस्टर, उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनलेली. बी-सिरीजचं १७९८ सीसी इंजिन, पुढे डिस्क, मागे ड्रम, पायाच्या दाबाला जोड देणारा ब्रेक सर्व्हो नाही. मी घेतली तेव्हा तिचे दारांखालचे दोन्ही सिल गंजून त्यांच्या तळाच्या पट्टीपर्यंत, कॅसल रेलपर्यंत, गेले होते. तीन हिवाळे पत्रा कापण्यात आणि वेल्डिंगमध्ये गेले, आणि त्याच काळात पुढचं सस्पेन्शन बाहेर एका वर्कशॉपमधून बांधून आणलं. मग कडक स्प्रिंग, चांगले पॅड, ट्रॅकचे १८५ रुंदीचे चिकट टायर. रस्त्यावर गाडी सुरेख चालत होती. दोष फक्त ट्रॅकवर दिसायचा, तोही वळणानंतर.

मी काय काय बदललं, आणि का फुकट गेलं

पेडल खाली गेलं की माणूस पहिला संशय हवेवर घेतो. मीही घेतला. सिस्टिम ब्लीड केली, म्हणजे ओळीतली हवा बाहेर काढली. पुन्हा तेच झाल्यावर डॉट ४ जातीचं ब्रेक ऑइल काढून डॉट ५.१ भरलं. विचार चुकीचा नव्हता. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पीत राहतं आणि मग तो १५५ पर्यंत उतरू शकतो. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. ट्रॅकवर जाणाऱ्याने ऑइल दरवर्षी बदलायलाच हवं. (डॉट ५ ही वेगळी, सिलिकॉनची जात आहे, ट्रॅकच्या उष्णतेत तिचं पेडल लुसलुशीत होतं, तिच्या वाटेला जाऊ नका.) पण माझा दोष जागचा हलला नाही.

मग पेडलचा दाब ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर नवा. मग पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरचे सील नवे. मग रबरी होजच्या जागी स्टीलची जाळी असलेले होज. मागच्या ड्रमचे चौकोनी डोक्याचे ॲडजस्टर आवळून चाक जाम केलं आणि एक टिचकी मागे घेतलं. हे एमजीबीत नेहमी करावंच, कारण ड्रम ढिले असले की पेडल लांब जातं. पण ते प्रत्येक दाबाला लांब जातं, वळणानंतर पहिल्याच दाबाला नाही. हा फरक माझ्यासमोर होता आणि मी त्याच्याकडे पाहत नव्हतो.

पेडल काय सांगतं ते ऐका

आता कोणी मला विचारलं की ब्रेक जातात, तर मी पाना उचलण्याआधी तीनच गोष्टी विचारतो.

पेडल घट्ट आहे, जागेवर आहे, पण गाडी थांबत नाही? मग पॅड तापून निकामी होताहेत. ऑइलचा काही दोष नाही, वेगळे पॅड घ्या किंवा डिस्कला हवा द्या.

पेडल मऊ, स्पंजासारखं झालं, फेरीगणिक बिघडत गेलं, आणि पंप केल्यावर थोडं वर आलं तरी मऊच राहिलं? ऑइल उकळलं आहे, ओळीत वाफ आहे. बॉक्समध्ये आल्यावरही ते काही वेळ मऊच राहील.

आणि तिसरं, माझं: पहिला दाब खाली, दुसरा दाब पूर्ण वर आणि कडक, सरळ रस्त्यावर कधीच नाही, नेहमी जोरकस वळणानंतर किंवा कर्बवर चाक चढल्यानंतर. दुसऱ्या दाबाला पेडल कडक लागतं म्हणजे ओळीत हवा नाही, वाफ नाही, सीलही गळत नाही. हवा असती तर ती दुसऱ्या दाबालाही तिथेच असती. ऑइल जिथल्या तिथे आहे, फक्त कॅलिपरचे पिस्टन मागे ढकलले गेले आहेत. पहिला दाब ते पिस्टन पुन्हा डिस्कपर्यंत आणण्यातच संपतो. इंग्रजी मेकॅनिक याला पॅड नॉक-ऑफ म्हणतात.

पिस्टनला मागे ढकलतं कोण? डिस्क. कॅलिपर स्टब ॲक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आखूड आसाच्या, भागावर पक्का बोल्ट केलेला असतो आणि डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर. हब बेअरिंगवर फिरतो. बेअरिंगमध्ये जास्त प्ले, म्हणजे ढिलाई, असेल, तर वळणात टायर हबला बाजूला रेटतो, डिस्क कॅलिपरच्या आत सरकते, थोडी कलतेही, आणि पॅडसकट पिस्टनला मागे दाबून ठेवते. एसेसमध्ये भार एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. दोन्ही पॅडमधली फट प्लेइतकी रुंद होते. नंतर हेअरपिन.

किती प्लेने किती पेडल जातं, ते एकदा कागदावर मांडून पाहिलं आणि मी चाट पडलो. एमजीबीच्या कॅलिपरचा पिस्टन साधारण ५४ मिमी व्यासाचा, माझ्या सिंगल सर्किटचा (चारही ब्रेक एकाच ओळीवर) मास्टर सिलिंडर पाऊण इंची. क्षेत्रफळांचं प्रमाण जवळपास आठपट. म्हणजे एका पुढच्या चाकात डिस्क ०.३ मिमी सरकली आणि दुसऱ्यात ०.२, तर एकूण अर्धा मिमी भरून काढायला मास्टरला ४ मिमी पुढे जावं लागतं. पेडलचं गुणोत्तर ढोबळ पाच धरा. पायाखालचं पेडल २० मिमी, म्हणजे जवळजवळ पाऊण इंच जास्त खाली गेलं. नखाच्या जाडीएवढ्या फटीतून हे सगळं होतं.

खात्री कशी केली

आमच्या मंडळींनी एक जुनी बंद धावपट्टी दिवसभरासाठी भाड्याने घेतली होती. तिथे मी दोन शंकू ठेवले आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठ आकड्यासारखे फेरे मारले, टायर कुरकुरतील इतक्या वेगाने. दहा फेऱ्यांनंतर वेग सोडून दिला आणि पायाचा ब्रेक अजिबात न लावता गाडी हँडब्रेकवर थांबवली. एमजीबीचा हँडब्रेक फक्त मागच्या ड्रमवर चालतो, म्हणून पुढचे पिस्टन जिथे ढकलले गेले तिथेच राहतात. मग चाक काढून पॅड आणि डिस्कमध्ये फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्या, घातली. डाव्या चाकात आतली-बाहेरची फट मिळून ०.४५ मिमी. उजव्यात ०.२५. सील पिस्टनला नेहमीच किंचित मागे ओढतं, ती फट वेगळी, पण ती इतकी नसते. त्यानंतर पेडल एकदा दाबलं, सोडलं आणि पुन्हा मोजलं. दोन्हीकडे सर्वात पातळ पातीही अडकत होती.

ही चाचणी मोकळ्या जागेतच करा. आजूबाजूला दुसरी गाडी नको.

मग गाडी घोड्यांवर (स्टँडवर) चढवली आणि चाक वर-खाली धरून हलवलं. टकटक लागत होती. पण एमजीबीत ही टकटक किंगपिनची (ज्याच्याभोवती चाक डावी-उजवीकडे वळतं तो खांब) किंवा त्याच्या खालच्या सांध्याची, ट्रनियनचीही असू शकते. ओळखायची युक्ती सोपी आहे: दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुन्हा हलवा. ब्रेकने डिस्क कॅलिपरमध्ये घट्ट धरली जाते, त्यामुळे टकटक थांबली तर ती बेअरिंगची, चालू राहिली तर किंगपिनची. माझी थांबली. किंगपिन झिजलेला असता तरी या लक्षणाला तो जबाबदार धरता आला नसता, कारण किंगपिनवर कॅलिपर आणि डिस्क दोन्ही एकत्र हलतात, त्यांच्यातलं अंतर बदलत नाही.

त्या रात्री पिंपरीला बाबांना फोन केला. त्यांची उभी हयात टूलरूममध्ये गेली.

"हबमध्ये प्ले आहे, बाबा."

"किती?"

"हाताला लागतोय चांगलाच."

"हाताला लागणं म्हणजे माप नाही रे. डायल लाव आणि मग थाऊमध्ये सांग."

इंचाच्या हजाराव्या भागाला आपल्याकडच्या कारखान्यांत थाऊ म्हणतात. इथल्या इंग्रज मेकॅनिकच्या तोंडीही तोच शब्द आहे, आणि या गाडीचं मॅन्युअलही त्याच मापात बोलतं. बाबांनी मला निघताना दिलेला डायल गेज कपाटात होता. त्याचा चुंबकाचा पाया कॅलिपरच्या बुडाशी बसवला, टोक हबच्या तोंडावर टेकवलं, हब आत दाबला, बाहेर ओढला. काटा बारा घरं सरकला. डावीकडे १२ थाऊ, उजवीकडे ८. मॅन्युअल सांगतं २ ते ४.

आत काय सापडलं

डावा हब उघडला. वरची टोपी ग्रीसने ठासून भरलेली, स्प्लिट पिन, मग कॅसल नट. नट बोटांनी सुटला. आतलं-बाहेरचं बेअरिंग निघालं, आणि त्यांच्यामध्ये असायला हवी ती स्पेसरची नळी नव्हती. शिमही, म्हणजे माप जुळवायच्या पातळ चकत्याही, नव्हते. उजवीकडेही तेच.

एमजीबीच्या पुढच्या हबमध्ये दोन टेपर रोलर बेअरिंग असतात आणि त्यांच्या आतल्या रिंगांमध्ये एक नळी, तिच्या टोकाला पातळ शिम. नट पूर्ण ताकदीने आवळला की बेअरिंगची आतली रिंग, नळी, शिम, बाहेरच्या बेअरिंगची रिंग आणि वॉशर सगळं एकत्र दाबलं जाऊन स्टब ॲक्सलवर एक जाड भक्कम खांब तयार होतो. प्ले ठरवतात ते शिम, नट नव्हे. आणि हा खांबच स्टब ॲक्सलला वाकण्यापासून वाचवतो.

बऱ्याच जणांना ही नळी अडगळ वाटते. दुसऱ्या अनेक गाड्यांत टेपर बेअरिंगचा नट हाताने आवळून थोडा सैल करायचा आणि पिन घालायची अशी पद्धत असते, ती डोक्यात पक्की बसलेली असते. शिम मोजण्याचा वेळ वाचतो. नळी काढली की नट सैलच ठेवावा लागतो, नाहीतर बेअरिंग जळेल. मग सगळा भार एकट्या बारीक स्टबवर. रस्त्याच्या टायरवर वर्षानुवर्षं काही होणारही नाही. पण चिकट टायर घातले, त्यात जास्त बाहेर येणारी रुंद चाकं लावली, की तोच स्टब प्रत्येक वळणात बुडाशी वाकतो, सुटतो, वाकतो. नट सैल, त्यामुळे प्लेही वाढत जातो. अशाने स्टब ॲक्सल बुडाशी तुटून चाक निखळू शकतं. लांब पेडल ही त्याची आगाऊ सूचना होती, आणि मी दोन सीझन तिच्यावर ब्रेक ऑइल ओतत राहिलो. माझं काम ज्यांनी बांधून दिलं त्यांचा मला आजही राग आहे, कारण त्या चाकाच्या शेजारच्या सीटवर माझा मुलगा बसत असे.

म्हणून पहिलं काम स्टब ॲक्सल. डाय पेनिट्रंटने तपासले: लाल रंग फवारायचा, थांबायचं, पुसायचं, पांढरी भुकटी मारायची. भेग असेल तर लाल रेघ वर येते. डाव्या स्टबच्या मुळाशी, जिथे गोलाई सुरू होते, तिथे केसासारखी एक लाल रेघ हळूहळू उमटली. जेमतेम पाच-सहा मिमी लांब. तो भाग मी फेकला नाही, माझ्या बाकावर ठेवला आहे. दोन्ही बाजूंना नवे स्टब घातले आणि तेही बसवण्याआधी तपासून घेतले.

शिम लावण्याची रीत

बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगा हबमध्ये पूर्ण तळाला बसल्या आहेत याची खात्री करा. तिथे कचरा राहिला तर सगळं माप खोटं. सुरुवातीला ग्रीस आणि ऑइल सील नकोत, कोरडंच जोडा, सीलच्या घर्षणाने हाताला चुकीचं लागतं.

स्पेसरची नळी घाला, शिम न घालता बाहेरचं बेअरिंग, वॉशर, नट. हब फिरवत फिरवत नट आवळा, बेअरिंग किंचित जड लागेपर्यंतच. मग उघडा आणि प्ले नक्की जास्त होईल इतके शिम घाला. ३, ५ आणि १० थाऊंचे शिम मिळतात, मी मायक्रोमीटरने प्रत्येक मोजून कागदावर लिहिला. आता नट पूर्ण टॉर्कला आवळा आणि डायलवर प्ले वाचा. समजा ३० थाऊंचे शिम आहेत आणि डायल ११ दाखवतो, तर ८ काढले की ३ उरतील. काढा, पुन्हा आवळा, पुन्हा मोजा. हब आत-बाहेर करताना थोडा फिरवतही राहा, नाहीतर रोलर नीट बसत नाहीत आणि दोन वाचनं जुळत नाहीत. मला डावी बाजू जमायला पाच वेळा उघडावी लागली, उजवी तिसऱ्या वेळी जमली.

नटचा टॉर्क ४० ते ७० पाउंड-फूट. ही मर्यादा इतकी रुंद आहे ती स्प्लिट पिनचं भोक जुळावं म्हणून. भोक जुळत नसेल तर आणखी आवळून जुळवा, ४० च्या खाली येऊन नाही. ट्रॅकसाठी मी प्ले २ थाऊंवर ठेवतो. शून्यावर जाण्याचा मोह टाळा, गरम हब फुगतो आणि बेअरिंगला जागा लागते.

माप पक्कं झालं की सगळं धुऊन बेअरिंगमध्ये आणि हबच्या पोटात उष्णता सहन करणारं ग्रीस, नवं सील, आणि टोपी रिकामी. टोपीत ग्रीस ठासलं तर गरम झाल्यावर ते वाट शोधत सीलवर येतं आणि शेवटी डिस्कवर. पुढे कधीही बेअरिंग बदललं, अगदी त्याच नंबरचं, तरी शिम पुन्हा मोजावे लागतात.

डिस्कचं डुगडुगणंही याच वेळी पाहा. एमजीबीची डिस्क हबच्या मागे चार बोल्टने बसते, मध्ये गंजाचा पापुद्रा राहिला तर डिस्क फिरताना लहरते आणि सरळ रस्त्यावरही पिस्टन मागे सारते. दोन्ही तोंडं घासून साफ केल्यावर उजवी डिस्क डायलवर ५ थाऊ लहरत होती. बोल्ट काढून डिस्क एक भोक फिरवली, पुन्हा मोजली. चार जागांपैकी तिसऱ्या जागी ती दीड थाऊवर आली. तिथेच ठेवली आणि हबवर पंचाने खूण केली.

काही जण पिस्टनमागे स्प्रिंग घालून पॅड सतत डिस्कला टेकवून ठेवतात. रेसिंगमध्ये त्याचा उपयोग आहे, पण हब दुरुस्त करण्याआधी ते घालणं मला पटत नाही. पेडल वर राहील आणि तुटत चाललेला स्टब आत तसाच राहील.

आणि सिंगल सर्किटची गाडी ट्रॅकवर नेत असाल तर दुहेरी मास्टर सिलिंडरचा खर्च इतर कुठल्याही सजावटीआधी करा. एक ओळ गेली तरी निम्मे ब्रेक हातात राहतात. मी तो या हिवाळ्यात केला.

दुरुस्तीनंतर धावपट्टीवर तेच आठाचे फेरे मारले, हँडब्रेकवर थांबलो, पाती घातली. डावीकडे दोन्ही फटी मिळून ०.१२, उजवीकडे ०.१०. मग मॅलरी. जेरार्ड्समधून निघालो, एसेस, हेअरपिनचा बोर्ड. तरीही सवयीने डावा पाय सरळात पेडलला हलकेच टेकवला. पेडल वरच होतं. वीस मिनिटांच्या तीन सत्रांत ते एकदाही खाली गेलं नाही.

आता प्रत्येक ट्रॅक डेनंतर मी पुढची चाकं वर घेऊन डायल लावतो. पहिल्या दिवसानंतर डावीकडे २ चे अडीच थाऊ झाले होते, नवीन बेअरिंग बसतात तेव्हा तेवढं होतं. त्यानंतर चार दिवस धावली आहे आणि काटा अडीचवरच आहे. दोन्ही बाजूंच्या शिमची एकूण जाडी बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने लिहून ठेवली आहे, डावी २२, उजवी २५.